खुणेचा एक रुपया

ऑगस्ट २०२४ चा पहिला आठवडा. लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरून झाले होते, दीड हजार रुपये कधी जमा होतात याकडे घराघरांतले डोळे लागले होते आणि अशात राज्यातल्या काही महिलांच्या बँक खात्यांत एक रुपया येऊन पडला. एकच. गावोगाव चर्चा सुरू झाली. अखेर महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरे यांनी खुलासा केला, की हा रुपया म्हणजे सन्माननिधी नव्हे; खात्याच्या तांत्रिक पडताळणीसाठी तो पाठवला आहे.

त्या रुपयामागचा विचार साधा होता. अर्ज सरकारच्या संगणकात, खाते बँकेच्या संगणकात. अर्जात लिहिलेले खाते खरेच त्या बाईचे आहे का, ते चालू आहे का, हे लाखो अर्जांच्या बाबतीत एकेका बँकेला विचारत कोण बसणार? त्यापेक्षा एक रुपया पाठवून पाहायचा. पोचला तर खाते जिवंत आहे. खातेदाराचे नाव अर्जाशी जुळले तर माणूसही बरोबर आहे. बँकवाले याला ‘पेनी ड्रॉप’ म्हणतात. आपल्या भाषेत ती खूण. एका घरातून दुसऱ्या घरात पाठवलेली, ओळख पटवण्यापुरती.

एकमेकांना न ओळखणाऱ्या दोन व्यवस्थांमध्ये माणसाची ओळख न्यायची कशी, हा प्रश्न नांदेड-लातूरकडच्या लोकांना नवा नाही. गेल्या पंचवीस वर्षांत तो त्यांनी संगणकासमोर बसून सोडवला. त्याआधीच्या पिढ्यांनी तो बाजारपेठेत सोडवला होता. या दोन्ही गोष्टी एकत्र सांगितल्या, तरच आज काय चालले आहे ते नीट कळते.

हाली, कलदार आणि हुंडी

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाचे टपाल वेगळे, कायदे वेगळे, नाणेही वेगळे. इथे हाली सिक्का चाले आणि सीमेपलीकडे बार्शी-सोलापुरात इंग्रजी कलदार. साधारण सात हाली रुपयांना सहा कलदार, असा हिशेब. १९११ मध्ये बार्शी लाईट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी लातूरपर्यंत आली आणि लातूरच्या आडत बाजाराचा माल सीमा ओलांडून कुर्डुवाडीमार्गे मुंबईच्या वाटेला लागला. माल गाडीने जाई. पैसा मात्र थैल्यांत भरून नेणे जोखमीचे. म्हणून तो हुंडीने जाई.

हुंडी म्हणजे एका पेढीने दुसऱ्या पेढीला लिहिलेली चिठ्ठी: हा कागद घेऊन येईल त्याला इतके रुपये द्यावेत. पण कागद कुणीही लिहू शकतो, चोरू शकतो, आकडा वाढवू शकतो. मग व्यापाऱ्यांनी खुणा बसवल्या. रक्कम आकड्यात, अक्षरात आणि वर ‘त्याचे निमे अमुक, त्याची दुप्पट’ अशीही लिहायची, म्हणजे एक शून्य वाढवून भागत नसे. हुंडी लिहिल्याची खबर वेगळ्या पत्राने दुसऱ्या पेढीला आधीच जाई. कागद एका वाटेने आणि खबर दुसऱ्या वाटेने. दोन्ही जुळले तरच हुंडी सकारली जाई. हुंडी हरवली तर तिच्या बदल्यात ‘पैठ’ मिळे, तीही हरवली तर ‘परपैठ’, आणि त्यापुढे मेजरनामा.

त्यात ‘शहाजोग’ हुंडी मला सगळ्यात शहाणपणाची वाटते. तिचे पैसे फक्त ‘शहा’ला, म्हणजे बाजारात पत असलेल्या ओळखीच्या व्यापाऱ्यालाच मिळत. परका माणूस हुंडी घेऊन आला, तर त्याने गावातला असा एखादा शहा गाठायचा. तो पैसे घेणार आणि त्या माणसाची जबाबदारीही घेणार. म्हणजे देणाऱ्या पेढीने परक्याला ओळखण्याची गरजच नव्हती. ती ज्याला ओळखते, तो त्याला ओळखतो, एवढे पुरे.

या साऱ्या व्यवहारात तिजोरीची किल्ली कुणी कुणाच्या हातात दिली नाही. एका कामापुरती, एका रकमेपुरती, एकदाच चालणारी खूण तेवढी दिली गेली. ती वापरली की संपली. हे सूत्र लक्षात ठेवावे, कारण पुढे संगणक आला तेव्हा सुरुवातीला आपण नेमके तेच विसरलो.

वहीतले पासवर्ड

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. नांदेड-लातूरच्या रस्त्यांवर ते दिसायला लागले नेट कॅफेच्या पाट्यांमधून. महाविद्यालयांच्या आसपास, बसस्थानकासमोर, प्लायवूडच्या खोपट्यांत चार-सहा संगणक. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ, म्हणजे एमकेसीएल, स्थापन झाले. पुढच्या वर्षी एमएस-सीआयटी सुरू झाली आणि माऊस धरायला शिकवणारी केंद्रे तालुक्याच्या गावीही उघडली. लातूर तर ‘लातूर पॅटर्न’मुळे परीक्षांचे गाव. निकाल, प्रवेश अर्ज, पसंतीक्रम हे सगळे हळूहळू ऑनलाइन होत गेले तशी कॅफेतली गर्दी वाढली.

गावाकडून आलेल्या मुलाकडे ई-मेल नसे. अर्जाला मात्र तो लागे. मग कॅफेवाला दादाच खाते काढून देई आणि पासवर्ड आपल्या वहीत लिहून ठेवी. माझे पहिले खातेही असेच निघाले. दोनशे पानी लांबट वही, रेघा मारलेली: नाव, गाव, ई-मेल, पासवर्ड. मुलगा सहा महिन्यांनी यायचा आणि विचारायचा, “दादा, माझा पासवर्ड काय होता?” दादा पान उलटून सांगायचा. त्या वहीत शेकडो मुलांची ओळख होती आणि ती वही काउंटरवर उघडी पडलेली असे. कुणाला त्यात वावगे वाटत नव्हते. दादावर विश्वास होता आणि बहुतेक दादा त्या विश्वासाला जागलेही.

२०११ मध्ये केंद्राने सायबर कॅफेंसाठी नियम केले. येणाऱ्याचे ओळखपत्र पाहावे, नोंदवही ठेवावी, ती किमान वर्षभर जपावी. कोण येऊन बसला याची नोंद सक्तीची झाली. त्याची किल्ली दुसऱ्याच्या वहीत आहे, याकडे मात्र नियमांचे लक्ष गेले नाही.

जगानेही तेच केले

खेड्यातली माणसे अडाणी म्हणून असे वागली, असे कुणी समजू नये. त्याच काळात कॅलिफोर्नियातल्या नामांकित कंपन्याही हेच करत होत्या. नव्या संकेतस्थळावर नाव नोंदवले की ते विचारे, तुमच्या मित्रांना बोलावू का? मग तुमच्या ई-मेलचा पासवर्ड इथे टाका. लाखो लोकांनी तो टाकला. ते संकेतस्थळ आपल्या नावाने ई-मेलमध्ये शिरे, पत्त्यांची यादी उचले आणि बाहेर पडे. यादीपुरते काम, पण त्यासाठी सगळ्या घराची किल्ली द्यावी लागे. दोन संकेतस्थळांमध्ये अधिकृत दरवाजा नव्हता, म्हणून तिसऱ्याने आपले सोंग घेऊन आत जायचे, अशी ती जुळवाजुळव होती.

त्यातून बाहेर पडण्याच्या दोन वाटा निघाल्या. पहिली वाट दरवाजे बांधण्याची. २००५ मध्ये ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी ‘ओपनआयडी’ची मांडणी केली: एका संकेतस्थळाने दुसऱ्याला सांगायचे, की हा माणूस माझ्या ओळखीचा आहे. २००७ मध्ये ‘ओऑथ’ आले. त्यात पासवर्ड कुणाला द्यायचाच नाही. मूळ संकेतस्थळ एक मर्यादित परवाना देते, ठरावीक कामापुरता आणि वाटेल तेव्हा रद्द करता येणारा. २०१२ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली आणि आज ‘गूगलने लॉगिन करा’ असे बटण आपण दाबतो तेव्हा मागे तेच चालते. ओपनआयडी म्हणजे शहाजोगातला शहा, ओऑथ म्हणजे रक्कम बांधून दिलेली हुंडी.

दुसरी वाट अशा ठिकाणांसाठी होती, जिथे कुणी दरवाजा बांधलाच नव्हता. अमेरिकेतल्या एमआयटीने २००७ मध्ये मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवणारे ‘स्क्रॅच’ हे संकेतस्थळ खुले केले. तिथले खाते दाखवून दुसरीकडे प्रवेश घेण्याची सोय त्यात नव्हती. मग वापरणाऱ्यांनीच युक्ती काढली. दुसरे संकेतस्थळ एक आडवातिडवा शब्द देते. तो तुम्ही स्क्रॅचवरच्या आपल्या पानावर लिहायचा. संकेतस्थळ ते पान वाचते. शब्द दिसला, म्हणजे त्या पानावर लिहिण्याचा अधिकार तुमचाच. मग ते खातेही तुमचेच. पासवर्ड कुणी कुणाला दिला नाही. संकेतस्थळाची मालकी सिद्ध करायला गूगल एक फाईल तिथे ठेवायला सांगते, त्यामागे हीच कल्पना आहे. अट एवढीच, की शब्द दर वेळी नवा हवा, थोडा वेळच चालणारा हवा, आणि एकदा वापरला की बाद व्हायला हवा. नाहीतर मागून येणारा तोच शब्द दाखवून आत शिरेल.

‘तुझ्या घरात शिरून पाहत नाही, पण तुझ्या दारावर मी सांगतो ती खूण उमटवून दाखव.’ लाडक्या बहिणीच्या खात्यातला रुपया हा याच जातीचा.

कर्जमाफीच्या दोन तऱ्हा

मराठवाड्यात हा सगळा प्रश्न ऐरणीवर आला तो २०१७ च्या पावसाळ्यात. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत देशातले पहिले आधार दिले गेले होते. सात वर्षांत ते जवळपास प्रत्येकाच्या खिशात पोचले होते. जून २०१७ मध्ये छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जाहीर झाली. दीड लाखापर्यंतची कर्जमाफी, ८९ लाख शेतकरी आणि सुमारे ३४ हजार कोटी रुपये, अशी घोषणा होती. अर्ज ऑनलाइन भरायचा. पती-पत्नी दोघांचे आधार, अंगठा किंवा मोबाईलवर येणारा ओटीपी.

तालुक्याच्या गावांतल्या सेवा केंद्रांसमोर पहाटेपासून रांगा लागल्या. अंगठा मशीनवर ठेवला की उठायचा नाही. नांगर, विळा आणि ऊसतोडीने रेषा झिजलेल्या. बोट पुसायचे, फडक्याला घासायचे, पुन्हा ठेवायचे. तरीही अर्ज भरले गेले. खरी अडचण पुढे होती. अर्ज एकीकडे, बँकेची खाती दुसरीकडे आणि सोसायटीची दफ्तरे तिसरीकडे. अर्जात एक नाव, सातबाऱ्यावर दुसरे, बँकेत इंग्रजी स्पेलिंग तिसरेच. याद्या एकमेकींशी जुळेनात. ‘ग्रीन लिस्ट’मध्ये, म्हणजे पात्र खात्यांच्या यादीत, नाव आले का, हा त्या वर्षी गावातला पहिला प्रश्न झाला.

डिसेंबर २०१९ मध्ये महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना आली, तेव्हा प्रशासनाने क्रम उलटा केला. शेतकऱ्याने अर्ज करायचाच नाही. बँकांनी थकीत खात्यांच्या याद्या आधी द्यायच्या, प्रत्येक खात्याला विशिष्ट क्रमांक मिळेल, यादी गावात लागेल. शेतकऱ्याने तो क्रमांक घेऊन केंद्रावर जायचे, आधारने आपली ओळख पटवायची आणि समोर दिसणारी रक्कम बरोबर की चूक एवढे सांगायचे. २४ फेब्रुवारी २०२० रोजी निवडक गावांची पहिली यादी लागली. महिन्याभरात करोना आला, अंगठ्याची मशीन बंद ठेवावी लागली आणि काम रेंगाळले. तरी पद्धत अधिक सोपी असल्याचे लोकांच्या लक्षात आले होते.

या बदलाला मी या इतिहासातले मोठे वळण मानतो. २०१७ मध्ये शेतकऱ्याला आपली सारी ओळख स्वतः उचलून एका दारातून दुसऱ्या दारात न्यावी लागली आणि वाटेत जे सांडले त्याचा भुर्दंडही त्यानेच सोसला. २०२० मध्ये खबर आधीच पुढे गेली होती. शेतकऱ्याने फक्त खूण दाखवली. आडत बाजारातल्या हुंडीचीही हीच रीत होती.

फोनवरून आलेले सहा आकडे

पण कागदावरची पद्धत सुधारली, तरी काउंटरवरचा माणूस हलला नाही. कारण आधारला जोडलेला मोबाईल बहुतेक वेळा घरात नसतो. मुखेड तालुक्यातल्या एका केंद्रावर मी पाहिलेला हा प्रसंग तिथे रोज घडतो. सत्तरीचे एक आजोबा पीएम किसानच्या ई-केवायसीसाठी आले होते. आधारला नंबर जोडलेला मुलाचा, मुलगा पुण्याला कंपनीत. केंद्रचालक पोराने बटण दाबले आणि आजोबांनी फोन लावला.

“आरं, नंबर आलाय का बघ की.”

पलीकडे मशीनचा आवाज. “थांबा बाबा, हातमोजे काढायलोय.”

काउंटरवर घड्याळ उलटे धावत होते. मुलाने आकडे सांगितले, आजोबांनी ते मोठ्याने म्हटले, पोराने टाकले. तिसरा आकडा ऐकण्यात चुकला. पुन्हा बटण, पुन्हा फोन. दुसऱ्या खेपेला जमले. रांगेतल्या पंधरा-वीस जणांनी ते सहा आकडे ऐकले होते.

त्याच मेसेजच्या शेवटी लिहिलेले असते: ओटीपी कुणालाही सांगू नका. आजोबांनी तो सांगितला नसता, तर त्यांचे दोन हजार अडले असते. सांगितला, म्हणून दार उघडले. नियम पाळला तर काम होत नाही आणि काम करायचे तर नियम मोडावा लागतो, अशा पेचात आपण या माणसांना उभे केले आहे. मग कुणी बँकेतून बोलतोय असे सांगून आकडे विचारतो, तेव्हा सांगण्याची सवय आधीच जिभेला लागलेली असते. त्या फसवणुकीचे खापर एकट्या म्हाताऱ्याच्या भोळेपणावर फोडणे अन्यायाचे आहे.

मधल्या माणसाच्या हाती किल्ली गेली की काय होते, हे पीक विम्याने दाखवले. खरीप २०२३ पासून राज्यात एक रुपयात पीक विमा सुरू झाला. शेतकऱ्याने रुपया भरायचा आणि केंद्रचालकाला अर्जामागे विमा कंपनीकडून ४० रुपये. हेतू चांगला होता. पण सातबारा एका संगणकात आणि विम्याचा अर्ज दुसऱ्यात, आणि जमीनमालकाने स्वतः ‘हो’ म्हटले का हे विचारणारे मध्ये कुणीच नव्हते. शासकीय जमिनींवर, देवस्थानांच्या जमिनींवर, दुसऱ्याच्याच सातबाऱ्यावर विमे उतरवले गेले. मराठवाड्यात काही केंद्रचालकांवर गुन्हे दाखल झाले, आणि खरीप २०२५ पासून एक रुपयाची सवलत बंद झाली. बहिणीच्या खात्यात गेलेला रुपया ओळख पटवून आला होता. विम्याचा रुपया मात्र ओळख न विचारताच घेतला गेला, आणि त्याची किंमत प्रामाणिक शेतकऱ्याला मोजावी लागली.

दार कुणासाठी

आता अधिकृत दरवाजे बांधले जात आहेत. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला, २०२१ पासून ई-पीक पाहणी आली. डिजिलॉकर २०१५ पासूनच आहे. ॲग्रीस्टॅकमध्ये शेतकऱ्याला ओळख क्रमांक मिळतो. त्यात माणूस आणि जमीन एकमेकांना जोडले जातात. हे काम मोलाचे आहे. विम्यातली भानगड करणाऱ्याला असा क्रमांक आडवा येतो.

तरीही दरवाजा कुणाच्या मापाने बांधला, हे पाहावेच लागते. सप्टेंबर २०२५ मध्ये लाडक्या बहिणींसाठी ई-केवायसी सक्तीची झाली. महिलेच्या आधारबरोबर पतीचे किंवा वडिलांचे आधार आणि त्यांच्या मोबाईलवरचा ओटीपी मागितला गेला. नेमक्या त्याच दिवसांत नांदेड-लातूरसह सारा मराठवाडा अतिवृष्टीने बुडाला होता. आणि ज्या बाईचा नवरा गेला, वडीलही गेले, तिने तो ओटीपी कुणाकडून आणायचा? केंद्रावर आलेली बाई चुकीची नव्हती. तिच्यासारखी बाई असू शकते, हे दार बांधणाऱ्याच्या ध्यानात नव्हते. पुढे अशा महिलांसाठी वेगळी सोय करावी लागली आणि १८ नोव्हेंबरची मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढली. तोवर तिला मार्ग दाखवला तो काउंटरवरच्या पोरानेच. “मावशी, आज जाऊ द्या. मुदत वाढणार हाय. तवर मृत्यू दाखला काढून ठेवा.” कोणत्याही संकेतस्थळावर हे लिहिलेले नव्हते.

म्हणून या इतिहासात मला या पोरांची नोंद हवी आहे. दोन व्यवस्था एकमेकींशी बोलत नव्हत्या, तेव्हा त्यांच्यामधला निरोप्या ही पोरे झाली. त्यांतल्या काहींनी वहीचा गैरफायदा घेतला, हे खरे. बहुतेकांनी तो घेतला नाही, हेही तितकेच खरे, आणि ते कुठल्याही संगणकात नोंदलेले नाही. पण एखाद्याच्या सचोटीवर लाखोंची ओळख टांगून ठेवणे ही व्यवस्था नव्हे. हुंडी लिहिणारे एकमेकांवर विश्वास ठेवत होते, तरीही निमे आणि दुप्पट लिहायचे टाळत नव्हते. खूण ठेवली, म्हणून तो विश्वास टिकला.

मुखेडच्या त्या केंद्रावर मी पुन्हा गेलो, तेव्हा काउंटरच्या बाहेरच्या बाजूला एक छोटा आकड्यांचा कीबोर्ड वायरने जोडून ठेवलेला दिसला. पोराने तो स्वतःच्या पैशाने आणला होता. “आकडे ज्याचे त्यानं टाकायचे,” तो म्हणाला. “मला सांगायचेच नाहीत.” कॅफेवाल्या दादासारखी पासवर्डची वही त्याच्याकडेही होती; तीही त्याने बंद केली होती. एक काकू पुढे आल्या, पदराने बोट पुसले, मोबाईल डोळ्यांजवळ धरला आणि एकेक आकडा पाहत, एकेक कळ दाबत गेल्या. पोर तोंड दुसरीकडे करून उभा होता. सहावी कळ दाबल्यावर पडद्यावर हिरवी खूण आली, तेव्हा काकूंनी त्याला हाक मारली, “बघ रं, झालं का?”

“झालं, काकू,” तो म्हणाला.